बोगनवेल: नाव एकाचं, कष्ट दुसरीचे

आपल्या कुंपणावरची बोगनवेल आता इतकी घरची झाली आहे की तिच्या नावातला 'वेल' मराठीच असणार, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात हे नाव लुई आंत्वान द बूगँव्हिल या फ्रेंच दर्यावर्द्याचं. त्याच्या आडनावाचं शेपूट आपल्या जिभेवर 'वेल' झालं!

ही वेल मूळची दक्षिण अमेरिकेतली. १७६६ साली बूगँव्हिल जगप्रदक्षिणेला निघाला. मोहिमेचा वनस्पतीतज्ज्ञ होता फिलिबेर कॉमेरसाँ. १७६७ मध्ये ब्राझीलच्या रिओ द जानेरोला जहाजं थांबली, तिथे ही वेल मिळाली आणि कॉमेरसाँने तिला आपल्या कप्तानाचं नाव दिलं.

पण कॉमेरसाँचा पाय तेव्हा जखमेने चांगलाच दुखावला होता. रानात हिंडून झाडं जमवायला त्याच्या हाताखाली एक 'नोकर' होता. हा नोकर म्हणजे पुरुषाच्या वेशातली जान बारे. फ्रेंच नौदलाच्या जहाजांवर बायकांना मनाई होती, म्हणून हे सोंग. रिओची ही वेल तिनेच खुडून आणली असावी, असं काही अभ्यासक मानतात. ती बंदुका, शिधा आणि वनस्पतींच्या वह्या पाठीवर घेऊन डोंगर चढायची, हे तर खुद्द बूगँव्हिलनेच लिहून ठेवलं आहे.

१७७३ मध्ये कॉमेरसाँ मॉरिशसला वारला. बारे पुढे फ्रान्सला परतली आणि पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारी पहिली ज्ञात स्त्री ठरली. १७८५ मध्ये तिला सरकारी पेन्शनही मिळालं. मात्र कॉमेरसाँने एका झाडाला दिलेलं तिचं नाव टिकलं नाही. थेट २०१२ साली वांगी-बटाट्याच्या कुळातल्या एका वेलीला शास्त्रज्ञांनी तिचं नाव दिलं.

जाता जाता एक गंमत. बोगनवेलीत जे गुलाबी, केशरी दिसतं ती फुलं नव्हेतच, ती रंगीत पानं. खरी फुलं म्हणजे आतल्या बारीक पांढऱ्या नळ्या. मुद्दाम वाकून बघितल्याशिवाय त्या दिसत नाहीत.

रौप्यमहोत्सवाची पाटी लवकरच गेटवर लागेल. त्यावर पदाधिकाऱ्यांची नावं येतील, यायलाच हवीत. पण पंचवीस वर्षं ज्यांनी ही वेल छाटली, जिने झाडले, रात्री गेट सांभाळलं, त्या माळीकाकांची, सफाईवाल्या मावशींची आणि वॉचमनचीही नावं त्याच पाटीवर यावीत, अशी सर्व सभासदांना विनंती. त्यासाठी अडीचशे वर्षं थांबायला नको.