नानासाहेब पेशव्यांचा अंतकाळ : शोक कीं रोग ?

बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशवे शके १६८३ ज्येष्ठ वद्य ६, म्हणजे २३ जून १७६१ रोजीं पर्वतीवर वारले. पानिपतचा संग्राम त्याच वर्षीं १४ जानेवारीस झाला. मध्यें अवघे १६० दिवस गेले. ‘पुत्रशोकानें मृत्यु’ एवढें म्हणून हा विषय सामान्यतः संपवितात. पण येथें दोन अवस्था वेगळ्या केल्या पाहिजेत.

पहिली चिंतेची. अबदालीनें वाटा रोखल्यामुळें भाऊसाहेबांकडील पत्रें बंद झालीं होतीं, आणि पेशवे उत्तरेकडे कूच करीत होते. दुसरी विषादाची. विश्वासराव व भाऊसाहेब पडल्याचें वृत्त कळल्यावर ते हळूहळू पुण्यास परतले. ग्रँट डफनें १८२६ च्या आपल्या ग्रंथांत मनःशक्तीचा ऱ्हास आधीं व देहाची झपाट्यानें झालेली क्षीणता मागाहून, असा क्रम दिला आहे.

हा क्रम निर्णायक मानतां येत नाहीं. दीर्घ चिंतेनें निद्रा, भूक व मनाचा निग्रह ढळतो, हें आजचें वैद्यक मान्य करतें. परंतु शरीर खंगविणारा रोगही मन खिन्न व स्वभाव त्रासिक करतो. कारण कोणतें व कार्य कोणतें, हें मृत्यूच्या तारखेवरून ठरत नाहीं. पानिपतपूर्वीं प्रकृति कशी होती, हें पाहिलें पाहिजे.

म्हणून संग्राहकांस विनंति, कीं १७६० व १७६१ सालचीं वैद्यांचीं टिपणें, औषधखर्चाच्या याद्या, पथ्यपाण्याचे उल्लेख असलेले कागद क्षुल्लक समजून बाजूस टाकूं नयेत. राजकारणाच्या पत्रांत शोक सांपडेल. रोग सांपडला तर तो कोठीच्या कागदांतच.