लग्नाची नोंद, नागरिकत्वाची शपथ : प्रस्तावना

विवाहाच्या आधारावर अमेरिकेत मिळणारे ग्रीन कार्ड आणि त्यापुढचे नागरिकत्व, हा विषय मराठी वाचकाला बहुधा दोन ठिकाणी भेटतो : एजंटाच्या माहितीपत्रकात आणि नातेवाइकांच्या फोनवरच्या बोलण्यात. पहिल्या ठिकाणी तो अर्जांच्या क्रमांकांपुरता उरतो, दुसऱ्या ठिकाणी धास्तीपुरता. वास्तविक लग्न खरे कधी म्हणावे आणि त्या लग्नाने परका माणूस आपला कधी होतो, हे ठरवण्यासाठी एका देशाने शंभराहून अधिक वर्षे कायदे केले, मोडले आणि न्यायालयांत वाद घातले. कायद्याची पदवी नसलेल्या माणसालाही या विषयात रमता येते. ज्यांच्या घरातली फाइल सध्या कुठल्यातरी टेबलावर पडून आहे, त्यांना तर तो उपयोगीही आहे.

वाचकांनी सुरुवात अर्जांपासून न करता इतिहासापासून करावी, अशी माझी सूचना आहे. १९०७च्या कायद्याने परदेशी पुरुषाशी लग्न करणारी अमेरिकन स्त्री आपले नागरिकत्वच गमावत असे. नवरा ज्या देशाचा, त्या देशाची ती. १९२२च्या केबल कायद्याने ही तरतूद सैल केली, पण नागरिकत्वाला ‘अपात्र’ ठरलेल्या पुरुषाशी लग्न करणारीला त्यातून वगळले. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीयांना त्या अपात्रांच्या रांगेत बसवले. बंगाली क्रांतिकारक तारकनाथ दास यांच्या अमेरिकेत जन्मलेल्या पत्नी मेरी दास यांना याची प्रत्यक्ष झळ बसली. भारतीयांना नागरिकत्वाचे दार उघडले ते १९४६च्या ल्यूस-सेलर कायद्याने, आणि तेव्हाही वर्षाला अवघ्या शंभर स्थलांतरितांचा कोटा ठेवून. आज बे एरियातले एखादे जोडपे मुलाखतीच्या तारखेसाठी कुरकुरते तेव्हा ही पार्श्वभूमी त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. तुम्हाला मात्र ती ठाऊक असावी.

आजच्या व्यवस्थेत वाचकाने पहिला प्रश्न विचारावा तो असा : अर्ज करणारा जोडीदार नागरिक आहे की नुसता ग्रीन कार्डधारक? नागरिकाच्या पती किंवा पत्नीला वार्षिक संख्येची मर्यादा लागू नाही. कागद तपासायला लागेल तेवढाच वेळ. ग्रीन कार्डधारकाच्या जोडीदाराला मात्र रांगेत नंबर लावावा लागतो. दुसरा प्रश्न तारखेचा. नोकरीच्या मार्गाने ग्रीन कार्ड मिळणाऱ्या मुलाचे लग्न ते मंजूर होण्याआधी झाले असेल, तर बायकोला त्याच्याच अर्जाच्या आधारे मागाहून येता येते. मंजुरीनंतर झाले, तर तिची नवी रांग सुरू.

या एका तारखेपायी पुण्या-मुंबईत काय काय घडते ते पाहण्यासारखे आहे. मांडव डिसेंबरात, पण ‘रजिस्टर लग्न’ जूनमध्येच उरकलेले. इथे अमेरिकेचा नियम सरळ आहे : लग्न जिथे झाले तिथल्या कायद्याने वैध असले पाहिजे. म्हणजे प्रश्न फिरून आपल्याच अंगणात येतो. १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली अधिकाऱ्यासमोर झालेले लग्न स्वतःच पूर्ण असते. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याखालची नोंदणी म्हणजे आधी विधी झाल्याची केवळ नोंद. विधी न करता निव्वळ नोंदणीचा दाखला मिळवला, तर त्याने हिंदू विवाह सिद्ध होत नाही, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली स्पष्ट केले; व्हिसासाठी घाईने नोंदणी उरकणाऱ्या कुटुंबांचा उल्लेखही त्या निकालात आहे. अमेरिकेच्या फाइलचा निकाल भारतीय विवाह कायद्याच्या एका कलमावर अवलंबून असणे, ही या विषयातली मला सर्वांत आवडणारी गाठ.

लग्न वैध आहे म्हणजे ते खरे आहे असे नाही, हा पुढचा मुद्दा. १९८६च्या कायद्याने बनावट विवाहांना आळा घालण्यासाठी नवी अट आणली. कार्ड मिळताना लग्नाला दोन वर्षे झालेली नसतील, तर कार्ड दोन वर्षांपुरते, सशर्त. ती मुदत संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत दोघांनी मिळून अट काढण्याचा अर्ज करायचा. घटस्फोट झाला असेल किंवा घरात मारहाण होत असेल, तर एकट्यानेही करता येतो, आणि ही सवलत नवऱ्याच्या धाकात राहणाऱ्या कित्येक मुलींना ठाऊक नसते. ‘खरेपणा’ची कसोटी समजून घ्यायची तर १९७५चा बार्क खटला वाचावा. लग्न करताना दोघांचा एकत्र संसार करण्याचा हेतू होता का, एवढेच पाहायचे. पुढे ते वेगळे राहू लागले म्हणून लग्न खोटे ठरत नाही, असे न्यायालय म्हणाले. नागरिकांच्या लग्नांहून अधिक रीतसर किंवा अधिक यशस्वी लग्नाची अपेक्षा परदेशी माणसाकडून करता येणार नाही, असेही त्याने बजावले. एवढे शहाणपण सासरच्या माणसांकडेही क्वचितच असते. ठरवून केलेल्या लग्नात प्रेमाच्या गाठीभेटींचा पुरावा नसतो. तिथे लग्नपत्रिका, दोन्ही घरची माणसे एकत्र असलेले फोटो, एकत्रित बँक खाते आणि भाडेकरार यांनाच बोलावे लागते.

मराठी कुटुंबांची खरी अडचण मात्र नावाची असते. जन्मदाखल्यावर बाळाच्या नावाचा रकाना कोरा, कारण बारसे नोंदणीनंतर झाले. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मधले नाव वडिलांचे. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिले गेले, तेच पुढे पासपोर्टावर आले, आणि मधले नाव आता नवऱ्याचे. समोरच्या अधिकाऱ्याला ही तीन बायकांची कागदपत्रे वाटली, तर त्याचा दोष नाही. राजपत्रातली नावबदलाची नोंद, जन्माची नोंद उपलब्ध नसल्याचा नगरपालिकेचा दाखला, वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे, प्रत्येक मराठी कागदाचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर : या साऱ्याचा क्रम पुस्तकात सविस्तर दिला आहे. घरातल्यांनी बिनदिक्कत सही केलेल्या आर्थिक हमीपत्राचाही तिथे विचार आहे. ती हमी घटस्फोटाने संपत नाही, हे सही करण्याआधी वाचलेले बरे.

नागरिकत्वाचा टप्पा तुलनेने सरळ आहे. एरवी पाच वर्षांची अट. नागरिक जोडीदाराबरोबर सलग नांदत असल्यास तीन, आणि त्यातले निदान अठरा महिने प्रत्यक्ष अमेरिकेत. सशर्त कार्डाची दोन वर्षेही यात धरली जातात. आईच्या आजारपणासाठी सहा महिन्यांहून अधिक काळ भारतात राहिलेल्या माणसाला मात्र सलग वास्तव्य पटवून द्यावे लागते. नागरिकशास्त्राच्या तोंडी परीक्षेचा बाऊ करू नये, पण कोणती आवृत्ती लागू आहे ते पाहावे : २० ऑक्टोबर २०२५पासून दाखल झालेल्या अर्जांसाठी १२८ प्रश्नांची यादी असून वीसपैकी बारा उत्तरे बरोबर यावी लागतात. फी आणि फॉर्मही असेच बदलतात. म्हणून आकडे सरकारी सूचनेतूनच घ्यावेत, आणि गुन्ह्याची नोंद किंवा जुना नकार असेल तर वकिलाकडे जावे. पुस्तक तिथे पुरे पडणार नाही.

शेवटचे प्रकरण शपथेनंतरचे आहे. त्या क्षणी भारतीय नागरिकत्व संपते. पासपोर्ट परत करावा लागतो. २००५पासून मिळणाऱ्या ओसीआय कार्डाने येणे-जाणे आणि राहणे सुटसुटीत होते, मतदान मात्र नाही. गावची शेतजमीन वारसाहक्काने आली तर ठेवता येते, नवी विकत घेता येत नाही. ज्यांच्या मनात सातबाऱ्याचा प्रश्न आधी आहे, त्या वाचकांनी हे प्रकरण खुशाल प्रथम वाचावे आणि मग १९०७कडे वळावे.