शिळे पीठ आणि कोणाचा हात

८ नोव्हेंबर २००६ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या दैनिकात मार्क बिटमन यांनी पावाची एक कृती प्रसिद्ध केली. ती त्यांची स्वतःची नव्हती, न्यूयॉर्कमधील सलिव्हन स्ट्रीट बेकरीचे जिम लाही यांची होती. तीन कप मैदा, पाव चमचा यीस्ट, सव्वा चमचा मीठ आणि दीड कपाहून किंचित अधिक पाणी एवढे एकत्र करावे, झाकून ठेवावे आणि बारा ते अठरा तास त्याकडे पाहूही नये. मग घडी घालून आणखी दोन तास ठेवावे व जाड बुडाच्या, झाकणाच्या भांड्यात सुमारे २३० अंश सेल्सिअसवर भाजावे. मळायचे मुळीच नाही. ही कृती पाहता पाहता जगभर पसरली आणि मराठी घरांतही पोहोचली. पाककृती म्हणून तिच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखात आम्हाला तिच्या निमित्ताने वेगळा प्रश्न विचारायचा आहे. पीठ रात्रभर ठेवणे आणि पीठ मळणे या दोन क्रियांना आपल्याकडे कोणता इतिहास आहे? आणि जव्हार-मोखाड्याच्या घरांत रोज थापली जाणारी नागलीची भाकर या इतिहासात कोठे बसते?

आरंभ शब्दापासून करू. मराठीत ‘मळणे’ या क्रियापदाला एकाहून अधिक अर्थ आहेत. कणीक मळतात, खळ्यावर धान्य मळतात, त्या कामाला मळणी म्हणतात, आणि कपडे मळतात. पहिल्या दोन अर्थांचे नाते मर्दनाशी आहे, तिसऱ्याचे मळाशी. व्युत्पत्ती वेगळी असली तरी बोलणाऱ्याच्या कानाला शब्द एकच ऐकू येतो. पावाच्या बाबतीत तर समाजाने हे अर्थ प्रत्यक्षातच एकमेकांत कालवले. ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीज ‘पांव’वरून आला हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक असते. तरीही ‘पायांनी मळतात म्हणून पाव’ ही लोकव्युत्पत्ती अनेक पिढ्या टिकून राहिली. भाषाशास्त्रदृष्ट्या ती निराधार आहे, पण सामाजिक पुरावा म्हणून मोलाची आहे. हे पीठ कोणी मळले, कोणत्या अवयवाने मळले, ही शंका तीत जपून ठेवलेली आहे.

या शंकेचे वजन किती होते, हे परमहंस सभेच्या इतिहासावरून कळते. दादोबा पांडुरंग, राम बाळकृष्ण जयकर आदींनी १८४९ मध्ये मुंबईत ही गुप्त सभा स्थापन केली. जातिभेद मानणार नाही अशी नुसती तोंडी प्रतिज्ञा सभेला पुरेशी वाटत नव्हती. नव्या सभासदाला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पावाचा तुकडा खावा लागे. एका घासाने जात जाते असे सारा समाज मानत होता, म्हणूनच तो घास शपथेचे साधन होऊ शकला. बाबा पदमनजी हे या सभेच्या वर्तुळात वावरलेले लेखक होत. ‘यमुनापर्यटन’कार म्हणून आपण त्यांना अभ्यासक्रमात भेटतो, त्यांचे ‘अरुणोदय’ हे १८८८ चे आत्मचरित्र वाचताना त्या काळी खाण्यापिण्याचे प्रश्न किती जिव्हारी लागणारे होते याची जाणीव ठेवली पाहिजे. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी बाहेर फुटली आणि सभा मोडली. पुढे तीस वर्षांनी, १८९० मध्ये, पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहा-बिस्किटांवरून ग्रामण्य उभे राहिले. त्यात न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक दोघेही सापडले आणि प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेले. गोव्यात आणि वसईत विहिरीत पाव टाकून गावे बाटवल्याच्या कथा लोकस्मृतीत आहेत. त्यांतील ऐतिहासिक तथ्याचा वाद बाजूला ठेवला तरी त्या कथांचे गृहीतक हेच आहे: पावातून परका हात आपल्यापर्यंत पोहोचतो.

हाताचा प्रश्न असा होता. आता काळाचा पाहू. रात्रभर आंबलेले पीठ म्हणजे शिळे पीठ. शिळेपणाबद्दल आपली शास्त्रीय परंपरा फार दक्ष होती. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात आंबलेल्या अन्नाचा निषेध आहे, त्यातून दही व दह्याचे पदार्थ वगळले आहेत. शिळ्या अन्नात तूपतेल असलेल्याला सूट आहे. इथपर्यंत सामान्यतः सर्वांना ठाऊक असते. पुढची सूट मात्र सहसा उल्लेखिली जात नाही: जव आणि गहू यांचे पदार्थ फार वेळ ठेवलेले असले, त्यांना स्निग्धता नसली, तरी द्विजांनी खाण्यास हरकत नाही. म्हणजे काळाने अन्न दूषित होते हा नियम सर्व धान्यांना सारखा नव्हता. गव्हाला काळ माफ होता. नागली, वरई, कोद्रा यांची नावे या सवलतीत नाहीत. पावाविषयीच्या आक्षेपाचे मूळ शिळेपणात कमी आणि मळणाऱ्याच्या हातात अधिक होते, असे आम्ही म्हणतो ते या आधारावर.

सह्याद्रीच्या ज्या पट्ट्यात नागली हेच मुख्य अन्न होते, तेथे आता वळू. जव्हार हे मुकण्यांचे संस्थान होते. १९४८ मध्ये ते विलीन झाले, पुढे ठाणे जिल्ह्यात राहिले आणि १ ऑगस्ट २०१४ पासून जव्हार व मोखाडा हे तालुके पालघर जिल्ह्यात आले. वारली, कोकणा, कातकरी, महादेव कोळी, ठाकूर यांची ही वस्ती. उन्हाळ्यात राब भाजायचा, पावसाच्या तोंडाशी रोप टाकायचे, मग उतारावरच्या वरकस जमिनीत भर पावसात आवणी करायची, दिवाळीच्या आगेमागे कणसे खुडून खळ्यावर मळणी करायची, आणि त्यानंतर दळण. एवढे झाल्यावर पीठ काठवटीत येते. तेथे ते पुन्हा मळावे लागते, गरम पाण्यात, तळव्याच्या रेट्याने.

या मळण्यात आणि गव्हाची कणीक मळण्यात मूलभूत फरक आहे. गव्हातील प्रथिने पाण्याशी संयोग पावून ग्लुटेनची जाळी तयार करतात. मळण्याने ती लवकर होते, आणि पीठ पुरेसे ओले असेल तर नुसत्या वेळानेही होते. लाही यांच्या कृतीचे रहस्य एवढेच. नागलीत ग्लुटेन नाही. तेथे उष्ण पाण्याने पिष्ट चिकट होते आणि हाताच्या दाबाने ते एकजीव राहते. नागलीचे पीठ अठरा तास ठेवले तर आंबेल, पण त्याला ताण येणार नाही. या पिठाच्या भाकरीत काळ हाताची जागा घेऊ शकत नाही.

याचा अर्थ या स्वयंपाकघरांना काळाचा उपयोग माहीत नव्हता असा नव्हे. नागलीचे पीठ पाण्यात कालवून रात्रभर ठेवायचे आणि सकाळी शिजवायचे, ही आंबील गरिबाघरची जुनी ओळखीची वस्तू आहे. तीत मळणे नाही आणि आंबवणे आहे. कोकणपट्टीत सर्वत्र दिसणारी पानगीही अशीच. तांदळाचे सरबरीत पीठ हळदीच्या किंवा केळीच्या दोन पानांमध्ये पसरून तव्यावर भाजायचे. पान वाफ कोंडून धरते. न्यूयॉर्कच्या कृतीतले जाड झाकण हेच काम करते. शहरी वाचकाला जे नवे वाटले त्याचे घटक येथे सुटे सुटे उपस्थित होते. त्यांना ‘कृती’ म्हणून कोणी लिहून घेतले नाही, आणि सकाळी कामावर नेलेल्या शिळ्या भाकरीला तर नाव देण्याचीही कोणाला गरज वाटली नाही.

दिवाळीनंतर या तालुक्यांतली अनेक कुटुंबे वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरातल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. २०१६ मध्ये मोखाड्यातल्या कुपोषणाची चर्चा पुन्हा झाली. दरम्यान शिधावाटप दुकानातून तांदळाबरोबर गहूही येथे पोहोचला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबांना माणशी दरमहा पाच किलो धान्याचा हक्क दिला आणि जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य झाले. त्याच २०२३ या वर्षी संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष साजरे केले. नागलीत १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, गव्हात त्याचा जेमतेम आठवा हिस्सा, ही माहिती शहरातल्या पाकिटांवर आली. ज्या डोंगरात नागली पिकते तेथे गहू फुकट येतो, आणि नागली शहरात चढ्या भावाने विकली जाते. आंबवलेल्या पावाचेही तसेच झाले. एके काळी जो खाल्ल्याने जात जात असे, तो आता रात्रभर मुरवला म्हणून महाग आहे.

हे लिहिताना कृती करून पाहिल्याशिवाय राहवले नाही, ही कबुली द्यायला हवी. निव्वळ मैद्याचा पाव कृतीबरहुकूम झाला. दोन भाग मैदा आणि एक भाग नागली घेतली तेव्हा तो कमी फुगला, आतून घट्ट राहिला, पण चव खमंग आणि किंचित आंबूस आली, पुन्हा करण्याजोगा. सर्वच पीठ नागलीचे घेतले तेव्हा अठरा तासांनी भांड्यात आंबट वासाचा चिखल होता. त्याची आम्ही सरळ आंबील केली.

‘सोपा पाव’ या शब्दांवर आमचा आक्षेप नाही. नोकरीवरून थकून आलेल्या माणसाला रात्री पीठ कालवून झोपता यावे, यात वाईट काही नाही. फक्त ‘न मळता’ म्हणताना एक लक्षात असावे. त्या गव्हाची मळणी कोठेतरी झालेली आहे, बहुधा यंत्राने, दळणही यंत्रानेच. घरातल्या हाताकडे उरलेले शेवटचे काम तेवढे रात्रीवर सोपवले गेले आहे. मोखाड्यातल्या बाईच्या भाकरीत राबापासून तव्यापर्यंतचे बहुतेक काम अजून तिच्याच हातात आहे. आपल्या वर्गांत या तालुक्यांतून आलेले विद्यार्थी बसतात. लोकसाहित्याच्या तासाला त्यांच्याकडून गाणी आणि कथा आपण आवर्जून मागवतो. एखाद्या वर्षी घरातली आंबील कशी करतात, ती किती वेळ ठेवतात, तिला काय काय म्हणतात, हेही लिहून मागवायला हवे.