मैलापाण्याचे मोजमाप आणि माणूस

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले, आणि सनातन्यांनी गोमूत्र-शेणाचे १०८ घडे ओतून ते पाणी 'शुद्ध' करून घेतले. या घटनेच्या पंधरा वर्षे आधी, १९१२ साली, ब्रिटनच्या शाही आयोगाने पाण्याच्या शुद्धतेला मोजपट्टी लावली होती. नदीत सोडायच्या मैलापाण्यात दर लिटरमागे तरंगता गाळ ३० मिलिग्रॅमपेक्षा आणि पाच दिवसांची ऑक्सिजनची मागणी २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी, असा तो दंडक. १९१४ मध्ये मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी मैलापाण्यात हवा खेळवून सूक्ष्मजीवांकरवी ते शुद्ध करण्याची सक्रिय गाळाची पद्धत मांडली. शुद्धता धर्माच्या हातून प्रयोगशाळेच्या हाती आली.

परंतु त्या दंडकामागे एक गृहीत होते. नदीत मैलापाण्याच्या निदान आठपट स्वच्छ पाणी असावे. उन्हाळ्यात आटणाऱ्या आपल्या नद्यांत ते कोठून येणार? आणि त्या नाल्याकाठी वस्ती कोणाची असते?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे देशातील शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी निर्माण होते. उभारलेल्या केंद्रांची क्षमता ३१,८४१. प्रत्यक्ष प्रक्रिया होते ती २०,२३५ दशलक्ष लिटरवर. म्हणजे शंभरातले अठ्ठावीस. चालू असलेल्या १,०९३ केंद्रांपैकी मानकांत बसली ती अवघी ५७८. क्षमतेचे आकडे उद्घाटनाच्या पाटीवर असतात. उरलेले पाणी वस्तीच्या उंबऱ्याशी असते.

याहून मोठी उणीव मोजमापातच आहे. केंद्राची परीक्षा त्याच्या शेवटच्या नळाशी होते. पण केंद्रापर्यंत मैला पोचविणारे गटारही त्याच यंत्रणेचा भाग नव्हे काय? प्रयोगशाळा ज्या ऑक्सिजनच्या मागणीचा आकडा काढते, त्याच ऑक्सिजनच्या अभावी गटारात हायड्रोजन सल्फाइड साचतो आणि आत उतरलेला सफाई कामगार गुदमरून मरतो. तो कोणत्या जातीचा असतो, हे या देशात विचारावे लागत नाही. २०१३ च्या कायद्याने असे उतरविण्यास बंदी केली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासूनच्या मृतांच्या वारसांना दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला. २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. मृत्यूची किंमत ठरली, पण केंद्राच्या गुणपत्रिकेत त्या मृत्यूचा रकाना नाही.

म्हणून मागणी साधी आहे. किती पाणी शुद्ध झाले याच्या शेजारीच किती माणसे गटारात उतरविली गेली, हेही लिहा. तो आकडा शून्यावर येईपर्यंत कोणतेही केंद्र उत्तीर्ण म्हणता येणार नाही.