किलिकियाची अनामिक लघुनाणी

आशिया मायनरच्या आग्नेय किनाऱ्यावरील किलिकिया या प्राचीन प्रांतात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील मर्सिन व अदाना यांच्या मुलखात, इ. स. पू. पाचव्या व विशेषतः चौथ्या शतकात पाडली गेलेली, परंतु टांकसाळ निश्चित न झालेली चांदीची चिल्लर नाणी. इराणच्या हखामनी सम्राटांचा अंमल असूनही तार्सस, माल्लस, सोलोई, नागिदोस, केलेंदेरिस आदी नगरे स्वतःची नाणी पाडीत. आणि फौजेचा पगार चुकता करण्याची निकड पडली म्हणजे सम्राटाचे क्षत्रप, ज्यांना आपण सुभेदार म्हणावे, ते याच टांकसाळी आपल्या कामी लावीत. पगाराला सुमारे साडेदहा ग्रॅमचे स्टेटर, तर बाजारहाटाला ओबोल व त्याचे अंश, अशी वाटणी असे. ओबोलचे वजन पाऊण ग्रॅमच्या आसपास भरे, आणि पाव ओबोल तर मसुरीच्या दाण्याएवढाच दिसे. एवढ्याशा चकतीवर नगराचे नाव ग्रीक वा आरमाइक लिपीत कोरण्यास जागा नसे. कोरलेच, तरी ठशावरचा घाव किंचित सरकताच अक्षरे चकतीबाहेर पडत.

मुद्रालेखाच्या अभावी चित्रावर भिस्त ठेवावी, तर ती फसवी. केलेंदेरिसचा बसलेला बोकड किंवा सोलोईचा द्राक्षघड आपले गाव सांगतो खरा. परंतु क्षत्रप तिरिबाझस याने इस्सस, माल्लस, सोलोई व तार्सस या चारही ठिकाणी एकाच चित्राचे स्टेटर पाडविले, आणि नगराची अक्षरे वगळली तर ते परस्परांपासून वेगळे करणे दुर्घट आहे. सिसिलीतील सिरॅक्यूझच्या नाण्यावर कीमोन या कलावंताने कोरलेला जलदेवता अरेथुसेचा संमुख चेहरा फार्नाबाझस व दातामेस या क्षत्रपांनी तार्ससच्या नाण्यांवर घेतला, आणि तसाच चेहरा किलिकियाच्या ओबोलांवरही दिसतो. उसन्या चित्रावरून जन्मस्थळ ठरविणे म्हणजे निव्वळ तर्क होय.

ठशांची जुळणी हा त्यातल्या त्यात भक्कम पुरावा. अनामिक व नामांकित नाणे एकाच ठशातून उतरल्याचे दिसले, की बहुधा वाद मिटतो. मात्र पुरून ठेवलेल्या निधींत लोक बहुधा थोरली नाणी साठवीत. चिल्लर हातोहात झिजे, हरवे, आणि पुढे सापडली तरी स्थळाची नोंद न होताच व्यापाऱ्यांकडे जाई. एदोआर्दो लेवान्ते यांच्या किलिकियन संग्रहाची १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेली सूची या विषयातील अभ्यासकांच्या नित्य हाताशी असते. तीतही अशी नाणी ‘अनिश्चित टांकसाळ’ याच सदराखाली घातलेली आहेत.