फाइनगोल्डचे पथ्य

एका जागी पाच मिनिटे न टिकणाऱ्या, हातातले काम अर्धवट टाकून दुसरीकडे धावणाऱ्या मुलाला औषधाऐवजी पथ्य द्यावे, हा विचार अमेरिकेत घरोघरी पोहोचला तो डॉ. बेंजामिन फाइनगोल्ड यांच्यामुळे. १८९९ साली पिट्सबर्गमध्ये जन्मलेले फाइनगोल्ड बालरोगतज्ज्ञ होते आणि ॲलर्जी हा त्यांचा खास विषय होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या कैसर पर्मनंट वैद्यकीय केंद्रात ते ॲलर्जी विभागाचे प्रमुख होते. पिसवा चावल्यावर उठणाऱ्या ॲलर्जीवर त्यांनी बरेच काम केले होते. मनोविकार हा त्यांचा प्रांत नव्हता.

१९६५ मध्ये चाळिशीतली एक बाई त्यांच्याकडे आली. तिच्या अंगावर पित्त उठे, चेहरा आणि डोळ्यांभोवतीचा भाग सुजे. ॲस्पिरिन न सोसणाऱ्या काही रुग्णांना टार्ट्राझिन हा पिवळा खाद्यरंगही सोसत नाही, हे ॲलर्जीतज्ज्ञांना तोवर माहीत झाले होते. फाइनगोल्ड यांनी ॲस्पिरिनशी नाते असलेले, म्हणजे सॅलिसिलेट असलेले पदार्थ तिला वर्ज्य केले. दोन आठवड्यांच्या आत सूज उतरली. मग केंद्राच्याच मनोविकार विभागातून फोन आला : या बाईंना तुम्ही दिलेत तरी काय? बाई दोन वर्षे त्या विभागात उपचार घेत होत्या; नवऱ्याशी पटत नव्हते, कामावर कोणाशी जमत नव्हते, आणि आता एकाएकी स्वभाव निवळला होता. पथ्य सोडले की जुना त्रागा परत येई. एका रुग्णाची हकीकत म्हणून ती तिथेच राहायची. पण फाइनगोल्ड यांनी हेच पथ्य पुढे चंचल मुलांना देऊन पाहिले, आणि १९७३ मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या अधिवेशनात आपली निरीक्षणे मांडली. अशा मुलांपैकी तीस ते पन्नास टक्के मुले या पथ्याने सुधारतात, असा त्यांचा दावा होता.

हा दावा लोकांनी लगेच उचलून धरला, त्यामागे आधीच्या तीनेक दशकांचा इतिहास होता. १९३७ मध्ये ऱ्होड आयलंड राज्यातल्या ब्रॅडली होम या मुलांच्या रुग्णालयात डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांनी तीस मुलांना बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध दिले. त्यांतल्या निम्म्या मुलांची अभ्यासातली प्रगती पाहून खुद्द ब्रॅडलींनाच नवल वाटले. मुलेच त्या गोळ्यांना ‘गणिताच्या गोळ्या’ म्हणू लागली. १९४४ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतील लिआंद्रो पानिझ्झोन यांनी मिथाइलफेनिडेट हे दुसरे उत्तेजक तयार केले. त्यांची पत्नी मार्गरीट, घरातली रीटा, हिच्या नावावरून ते रिटालिन झाले. १९६८ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानसूचीत अतिचंचलतेला स्वतंत्र जागा मिळाली. दोनच वर्षांनी ओमाहा शहरातल्या शाळकरी मुलांना सर्रास गोळ्या दिल्या जातात अशी बातमी वॉशिंग्टनच्या वृत्तपत्रात आली आणि देशभर गदारोळ उठला. संसदेच्या समितीपुढे सुनावणीही झाली. मुलाला शाळेत निमूट बसवण्यासाठी रोज उत्तेजक द्यावे लागते ही गोष्ट आईवडिलांच्या मनाला लागत होती. अशा वेळी दुखणे मुलाच्या डोक्यात नसून बाजारच्या रंगीत सरबतात आहे असे सांगणारा डॉक्टर भेटला.

पथ्य सोपे नव्हते. कृत्रिम रंग आणि कृत्रिम स्वाद तर बंदच. पुढे त्यांत बीएचए आणि बीएचटी ही, तेल-तूप खवट होऊ नये म्हणून घालायची रसायनेही आली. त्याशिवाय निसर्गतः सॅलिसिलेट असलेली म्हणून सफरचंद, संत्री, द्राक्षे, पीच, चेरी, बदाम, काकडी, टोमॅटो आणि चहा वर्ज्य. टोमॅटो गेला म्हणजे केचप गेले, पिझ्झा गेला. अमेरिकन मुलाच्या दृष्टीने जेवणच गेले. पहिले काही आठवडे हे सारे पाळायचे, रोज काय खाल्ले आणि मूल कसे वागले ते वहीत लिहायचे, मग एकेक फळ परत आणून पाहायचे. रंग आणि स्वाद मात्र कायमचे बंद. मुलाला एकटे पडल्यासारखे वाटू नये म्हणून सगळ्या घराने तेच खावे, असेही फाइनगोल्ड सांगत. सॅलिसिलेटची ही यादी फारशी भरवशाची नव्हती. १९८५ मध्ये ऑस्ट्रेलियात शेकडो पदार्थ तपासले गेले तेव्हा हळद, करी पावडर, पाप्रिका असे मसाले सॅलिसिलेटच्या बाबतीत फळांच्या कितीतरी पुढे निघाले. फाइनगोल्ड यांची यादी मराठी स्वयंपाकघरात काटेकोर लावायची म्हटली तर मिसळणाचा डबाच उचलून ठेवावा लागला असता.

त्यांचे ‘तुमचे मूल अतिचंचल का आहे’ या अर्थाच्या नावाचे पुस्तक १९७४ मध्ये आले आणि भरपूर खपले. १९७६ मध्ये पालकांची फाइनगोल्ड असोसिएशन उभी राहिली. आया दुकानात डब्यांमागची बारीक अक्षरे वाचू लागल्या, कोणत्या कंपनीचे बिस्कीट चालते याच्या याद्या एकमेकींना पाठवू लागल्या. १९७९ मध्ये पत्नी हेलीन यांच्यासह फाइनगोल्ड यांनी पाककृतींचे पुस्तकही काढले. रंगांविषयी लोकांच्या मनात संशय होताच. १९५० च्या हॅलोविनला एका नारिंगी रंगाच्या गोळ्या खाऊन मुले आजारी पडली होती, आणि १९७६ मध्ये ‘रेड नंबर २’ या लाल रंगावर सरकारने बंदी घातली. मार्स कंपनीच्या एम अँड एम गोळ्यांत तो रंग नव्हताच, तरी कंपनीने धास्तीने लाल गोळ्या डब्यातून काढल्या. त्या परतल्या १९८७ मध्ये.

पथ्य खरेच लागू पडते का, हे तपासणे अवघड होते. औषधाची परीक्षा साधी असते : एका मुलाला खरी गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी खोटी, आणि कोणाला कोणती दिली हे घरच्यांना ठाऊक नसते. ताट असे लपवता येत नाही. पथ्य सुरू झाले की आई मुलाकडे जास्त पाहते, घर वेळेवर जेवते, खरेदीची पद्धत बदलते, धाकटी-मोठी सगळी भावंडे एका नियमात येतात. मूल सुधारले तर श्रेय रंगाला की घराला?

हे ठरवण्याचा सर्वांत कसून प्रयत्न झाला तो विस्कॉन्सिन विद्यापीठात. हार्ली आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात घराघरांतून आधीचे सगळे खाण्याचे सामान उचलून नेले आणि दर आठवड्याला सबंध कुटुंबाचा शिधा संशोधकांनीच पोहोचवला. काही आठवडे तो पथ्याचा, काही आठवडे बिनपथ्याचा; आणि कोणता कधी हे कळू नये म्हणून पदार्थ मुद्दाम उलटसुलट फिरवलेले. शाळेतल्या पार्टीचा खाऊसुद्धा संशोधक पुरवत. शाळकरी वयाच्या छत्तीस मुलग्यांमध्ये शिक्षकांना आणि वर्गात बसून नोंदी घेणाऱ्यांना काही फरक दिसला नाही. काही आईवडिलांना दिसला, पण तो बहुतेक पथ्याचा शिधा दुसऱ्या खेपेला आला तेव्हा. शाळेत न जाणाऱ्या दहा लहानग्यांच्या बाबतीत मात्र दहाही आयांनी पथ्याच्या बाजूने कौल दिला. संशोधकांचा एकूण निष्कर्ष फाइनगोल्ड यांच्या विरोधात गेला. तरीही त्या दहा आयांचे काय करायचे, हा प्रश्न आजही पुरता सुटलेला नाही. लहान मुलांवर परिणाम अधिक होतो अशी शंका तिथून जी चिकटली ती चिकटलीच.

दुसरी पद्धत होती बिस्किटाची. सगळ्यांना पथ्यावर ठेवायचे आणि रंग चॉकलेटच्या बिस्किटात दडवून द्यायचा. ही बिस्किटे न्यूट्रिशन फाउंडेशनने पुरवली, आणि ही संस्था अन्नउद्योगाच्या पैशावर चालत होती. एका बिस्किटात तेरा मिलिग्रॅम रंग, दिवसाला दोन बिस्किटे. पुष्कळ मुले एका वाढदिवसाच्या पार्टीतच याच्या कितीतरी पट रंग पोटात घालतात, हे टीकाकारांनी दाखवून दिले. १९८० मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन प्रयोग आले. वाइस यांनी बावीस लहान मुलांना सत्त्याहत्तर दिवस रोज एक पेय दिले. त्यांतल्या आठच दिवशी त्यात रंग होता. वीस मुलांवर काही परिणाम नाही, दोघांवर झाला. त्यांतली चौतीस महिन्यांची एक मुलगी रंगाच्या दिवशी स्पष्टपणे बिथरत होती. स्वॉन्सन आणि किन्सबोर्न यांनी शंभर-दीडशे मिलिग्रॅमपर्यंत रंग दिला, तेव्हा अतिचंचल मुलांची शिकण्याच्या चाचणीतली कामगिरी घसरली. मात्रा वाढवताच उत्तर बदलले, याकडे आधीच्या नकारात्मक प्रयोगांचे हवाले देणाऱ्यांनी फारसे लक्ष दिले नाही.

जानेवारी १९८२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने या विषयावर तज्ज्ञांची परिषद भरवली. थोड्या मुलांना पथ्याचा मर्यादित उपयोग होत असावा, सरसकट शिफारस मात्र करता येत नाही, असा मधला निवाडा तिने दिला. दोन महिन्यांनी फाइनगोल्ड वारले. १९८३ मध्ये कावाले आणि फोर्नेस यांनी तेवीस अभ्यासांची बेरीज करून परिणाम नगण्य ठरवला आणि अमेरिकन वैद्यकाने विषय मिटवल्यासारखे केले. १९८० मध्ये निदानाचे नाव ‘अटेन्शन डेफिसिट डिसऑर्डर’ झाले होते, १९८७ मध्ये त्यात ‘हायपरॲक्टिव्हिटी’ जोडून एडीएचडी झाले. उपचार म्हणजे गोळी, असे समीकरण पक्के झाले.

लंडनमध्ये वेगळेच वारे होते. ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयाच्या एगर आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये शहात्तर मुलांना मोजकेच, सहसा न बाधणारे पदार्थ देऊन ठेवले, बासष्ट सुधारली. मग एकेक पदार्थ परत आणत त्रास देणाऱ्या अठ्ठेचाळीस पदार्थांची यादी निघाली. रंग आणि प्रिझर्वेटिव्ह तिच्यात सर्वांत वर होते, पण केवळ त्यांचीच बाधा असलेले मूल एकही नव्हते. दूध, गहू, अंडे असे काहीतरी सोबत असायचेच. म्हणजे प्रत्येक मुलाचे पथ्य निराळे. पुढे २०११ मध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियममधील पेल्सर यांच्या शंभर मुलांच्या अभ्यासातही अशा कडक पथ्याने पुष्कळ मुले सुधारली, पण तिथे पथ्यावर कोण आहे हे आईवडिलांना ठाऊक होते.

साखरेची कथा तर केवळ समजुतीचीच निघाली. साखर खाल्ली की मूल उधळते, असे अमेरिकन आया आजही म्हणतात. १९९४ मध्ये हूवर आणि मिलिच यांनी पाच ते सात वर्षांच्या मुलग्यांना त्यांच्या आयांसह बोलावले. सर्व मुलांना साखर नसलेले, ॲस्पार्टेमने गोड केलेले पेय दिले. निम्म्या आयांना मात्र सांगितले की मुलाने भरपूर साखर घेतली आहे. त्या आयांना मुले जास्त चंचल दिसली. शिवाय त्या मुलाच्या जवळ सरकून बसल्या, त्याला जास्त टोकत राहिल्या. पुढच्याच वर्षी वोल्राइक आणि सहकाऱ्यांनी तेवीस चाचण्या एकत्र करून साखरेचा वागण्याशी संबंध दिसत नाही असे दाखवले.

जीवनसत्त्वांचा मोठा डोस फाइनगोल्ड यांच्याच काळात चलनात होता. लायनस पॉलिंग यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या ‘ऑर्थोमॉलिक्युलर’ उपचारांची ती शाखा. १९८४ मध्ये हॅसलम यांच्या चाचणीत फायदा दिसला नाहीच, उलट बऱ्याच मुलांच्या यकृताच्या तपासण्या बिघडल्या. माशाच्या तेलातील ओमेगा-३ अधिक टिकले. २०११ पर्यंतच्या दहा चाचण्यांत, सुमारे सातशे मुलांत, त्याचा गुण दिसतो, पण गोळीच्या तुलनेत फारच थोडा.

रंगांचा विषय पुन्हा उघडला तो साउदॅम्प्टनमध्ये. तिथल्या विद्यापीठाने ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेच्या पैशावर केलेला प्रयोग २००७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. तीन वर्षांची १५३ आणि आठ-नऊ वर्षांची १४४ मुले, आणि ही मुले अतिचंचल म्हणून निवडलेली नव्हती, साधी शेजारपाजारची होती. कृत्रिम रंग आणि सोडियम बेन्झोएट हे प्रिझर्वेटिव्ह घातलेले पेय घेण्याच्या आठवड्यांत त्यांची चंचलता सरासरीने किंचित वाढली. कोणत्या एका रंगामुळे हे कळायला मार्ग नव्हता, कारण मिश्रणच दिले होते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेला पुरावा तोकडा वाटला; राजकारण्यांना पुरेसा वाटला. २० जुलै २०१० पासून युरोपीय संघात सहा रंगांच्या पाकिटांवर ‘मुलांच्या हालचालींवर आणि लक्षावर विपरीत परिणाम होऊ शकतो’ अशा अर्थाचा इशारा सक्तीचा झाला. असे लेबल कोणालाच नको होते. बहुतेक कारखान्यांनी रंगच बदलले आणि बीट, पाप्रिका, हळद आणली. त्या सहांपैकी टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन आणि पाँसो फोर-आर हे चार भारतातील परवानगीच्या यादीत आहेत.

अमेरिकेत २०११ मध्ये सरकारी सल्लागार समितीने इशाऱ्याचे लेबल आठ विरुद्ध सहा मतांनी नाकारले. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला. त्यानुसार २०२७ च्या अखेरपासून सरकारी शाळांतल्या खाण्यात सहा कृत्रिम रंग चालणार नाहीत. फाइनगोल्ड यांच्या यादीतल्या संत्र्या-टोमॅटोंचे नाव मात्र आता कुठल्याच कायद्यात नाही.

ब्रिटनमधील एनआयसीई या आरोग्यविषयक संस्थेची एडीएचडीवरची २०१८ ची मार्गदर्शक सूचना रंग सरसकट बंद करायला सांगत नाही, माशाचे तेलही सुचवत नाही. एखाद्या पदार्थाने मूल बिथरते असे घरच्यांना वाटत असेल, तर मुलाने काय खाल्ले-प्यायले आणि ते कसे वागले याची नोंदवही ठेवावी, आणि तिच्यात संबंध दिसला तरच आहारतज्ज्ञाकडे पाठवावे, असे ती सांगते. फाइनगोल्ड यांनी आयांना लिहायला सांगितलेल्या वहीत रकाने हेच होते.