वर्तमानपत्रकर्त्यांची शाळा

गेल्या पावसाळ्यांत आमच्या कॉलेजांतून बी.ए. झालेला एक विद्यार्थी मजकडे सल्ला विचारावयास आला. देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेंत माध्यमांचा व संस्कृतीचा अभ्यास करून एम.ए. व्हावें, असा त्याचा मनोदय होता, आणि "बातम्या लिहावयास पदवी कशाला लागते?" असा त्याच्या वडिलांचा प्रश्न होता. वडिलांचें सारें आयुष्य छापखान्यांत खिळे जुळविण्यांत गेलेलें. तेव्हां प्रश्न अडाणीपणाचा म्हणून झटकून टाकण्याजोगा नव्हता. मीं त्या दिवशीं गुळमुळीत उत्तर दिलें. तें मनाला लागून राहिलें, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्याकडे हा धंदा शाळेंत शिकविला जात नसे हें खरें. परंतु शिक्षकांनींच तो वाढविला, हेंही तितकेंच खरें. ६ जानेवारी १८३२ रोजीं 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री जांभेकर पुढें एल्फिन्स्टन विद्यालयांत अध्यापक झाले. 'दर्पणां'त मराठी व इंग्रजी मजकूर शेजारीं शेजारीं छापला जाई. म्हणजे पत्र हाच एक वर्ग होता म्हणावयाचें. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेंतील चाकरी सोडून आले, १८८० सालीं न्यू इंग्लिश स्कूल निघालें, आणि पुढच्याच जानेवारींत 'मराठा' व 'केसरी' हीं पत्रें सुरू झालीं. छापखान्याचें सामान हलवितांना या विद्वान् मंडळींनीं स्वतःचे खांदे लावले, असें सांगतात.

या शिक्षकांना मिळालेला पहिला धडा मात्र कडू होता. कोल्हापूरचे महाराज चवथे शिवाजी यांच्या हालांविषयीं लिहितांना दोन्ही पत्रांनीं दिवाण माधवराव बर्वे यांच्या नांवावरील कांहीं पत्रांचा आधार घेतला. हेतु निर्मळ, लेखणी तेजस्वी, आणि कागद बनावट! बर्व्यांनीं फिर्याद केली. टिळक-आगरकरांनीं माफी मागितली, तरी चार महिन्यांची शिक्षा झाली व त्यांपैकीं १०१ दिवस १८८२ सालीं डोंगरीच्या तुरुंगांत काढावे लागले. आगरकरांनीं त्या दिवसांवर पुस्तकच लिहिलें. आपण ती हकीकत देशभक्तीचा पहिला तुरुंगवास म्हणून वाचतों, आणि तशी ती आहेही. परंतु हातीं आलेला कागद कोणाच्या हातचा, तो आपल्याकडे कोणी व कां पोंचविला, हे प्रश्न छापण्यापूर्वीं विचारावयाचे असतात, याचाही तो मराठींतील पहिला मोठा पाठ आहे. अशा पाठाला आजच्या वर्गांत पडताळणी म्हणतात आणि त्यासाठीं तुरुंगांत जावें लागत नाहीं.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत पुलित्झर यांच्या देणगींतून वृत्तविद्येची शाळा १९१२ मध्यें उघडली. पुढच्याच वर्षीं भीमराव आंबेडकर त्याच विद्यापीठांत दाखल झाले. पण ते शिकले अर्थशास्त्र. ३१ जानेवारी १९२० रोजीं त्यांनीं 'मूकनायक' काढला, त्यास शाहू महाराजांनीं अडीच हजार रुपयांचें साहाय्य केलें. वृत्तविद्येचा वर्ग हाकेच्या अंतरावर असूनही पत्र निघालें तें त्या वर्गामुळें नव्हे. ज्यांचें दुःख कोणी छापीत नव्हतें त्यांना बोलावयाचें होतें म्हणून. विद्यार्थ्याच्या वडिलांची बाजू येथें बळकट होते, हें मान्य केलें पाहिजे.

हिंदुस्थानांत विद्यापीठें या विषयाकडे उशिरां वळलीं. लाहोरास १९४१ मध्यें वर्ग निघाला. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजांत १९५२ च्या सुमारास. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधील शिक्षण त्यानंतरचें. देवनारची गोष्ट निराळी. ती संस्था वृत्तविद्येसाठीं निघालीच नव्हती. नागपाड्याच्या गरीब वस्तींत काम करणाऱ्या क्लिफर्ड मॅन्शार्ट या अमेरिकन मिशनऱ्याच्या हाताखालीं १९३६ सालीं समाजकार्याची शाळा म्हणून ती जन्मली आणि १९५४ मध्यें देवनारास आली. माध्यमांचा अभ्यास तेथें मागाहून शिरला, तोही चित्रपटाच्या वाटेनें. तेथील तेव्हांचे अध्यापक अंजली मोंतेरो व के. पी. जयशंकर यांनीं नारायण सुर्वे आणि चित्रकार सुधीर पटवर्धन यांच्यावर केलेला 'साचा' (२००१) गिरण्यांच्या मुंबईचें चित्र दाखवितो. बातमी कशी लिहावी यापेक्षां कोणाचें जीवन बातमी ठरतें व कोणाचें ठरत नाहीं, हा प्रश्न अशा ठिकाणीं आधीं येतो. मला तो क्रम योग्य वाटतो. एक तक्रार मात्र आहे. आमच्या बहुतेक उच्च अभ्यासक्रमांची भाषा इंग्रजी. ज्या वस्तीचें दुःख अभ्यासावयाचें तिची भाषा मराठी किंवा हिंदी. मीही इंग्रजी ग्रंथांवरच वाढलों. त्यामुळें ही तक्रार करतांना जीभ अडखळते.

आतां तर बातमीदाराच्या खिशांतील यंत्रांत कॅमेरा, छापखाना आणि टपाल हीं तिन्ही आलीं आहेत. १८८१ मध्यें संपादकानें छापखाना खांद्यावर घेतला होता, तो फिरून त्याच्याच हातीं आला. मधला जुळारी आणि मुद्रितशोधक मात्र नाहींसे झाले. चूक आतां क्षणांत लाखों लोकांकडे पोंचते.

२०१६ च्या जानेवारीअखेर देवनारच्या कचराभूमीस आग लागली. १९२७ पासून मुंबईचा कचरा तेथें पडत आलेला. धूर इतका कीं तो उपग्रहानें टिपलेल्या चित्रांतही दिसला, महापालिकेला शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तें चित्र घरबसल्या कोणालाही मिळालें. पण कचऱ्याला लागून असलेल्या वस्तींत रात्रीं कोण खोकत होतें, हें विचारावयास पायींच जावें लागतें.

मीं मुलाच्या वडिलांना पत्र लिहून कोल्हापूर प्रकरण सविस्तर कळविलें. चार दिवसांनीं उत्तर आलें, तेंही एका ओळीचें: मजकूर जुळविणाऱ्याला कोणी विचारलें होतें का? मुलानें अर्ज भरला आहे. शुल्क वडीलच देणार आहेत.